काठीचं दुसरं टोक

ताईंनी आधी माझं कोपर धरलं आणि मग मी कोण ते विचारलं. धारूरच्या स्टँडवर सकाळची सातची गाडी लागली होती, दाराशी नेहमीची रेटारेटी चालू होती आणि मागून एक हात आला. "कारखान्यावर जाता ना तुमी?" मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग चला." मी चढले, माझ्यामागे त्या चढल्या आणि आम्ही एका बाकावर बसलो. घाट निम्मा उतरेपर्यंत माझं माहेर कुठलं, नवरा काय करतो आणि माझ्या डब्यात कसली भाजी आहे हे सगळं त्यांना कळलेलं होतं.

माजलगाव भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी शेतकी खात्यात क्लार्क आहे. कोणत्या गावात कुणाचा किती ऊस उभा आहे, लागण कधीची, तोड कधी द्यायची, या नोंदी ठेवायचं माझं काम. ताई तिथेच टेलिफोन एक्स्चेंजला. लहानपणी गोवर निघाला त्यात त्यांची नजर गेली. औरंगाबादला अंधांच्या शाळेत राहून त्या शिकल्या, ऑपरेटरचा कोर्स केला आणि कारखान्यात लागल्या. लग्न केलं नाही. धारूरला भावाच्या घरात पुढच्या बाजूची एक खोली त्यांची होती. सुरुवातीला भाऊ त्यांना स्टँडवर आणून सोडायचा. माझी सोबत झाल्यावर त्याने ते बंद केलं. घरापासून स्टँडपर्यंतचा रस्ता त्यांना काठीने येत होता, प्रश्न असायचा तो स्टँडवरच्या गर्दीचा.

दिसत नाही म्हटलं की माणूस शांत आणि सोशीक असेल असं लोक धरून चालतात. ताई तशा नव्हत्या. कोणत्या खातेप्रमुखाचा आवाज आज चिडलेला आहे, कोणत्या गावचा शेतकरी तोडीसाठी तिसऱ्यांदा फोन करतोय, हे त्या मला परतीच्या गाडीत रंगवून सांगत. शेजारच्या बाईने भाजी महाग घेतली असं कानावर पडलं तर तिची ओळख नसली तरी तिला चार शब्द ऐकवत. मालिकांच्या बाबतीत तर त्यांचं मत अगदी पक्कं असायचं आणि ते साऱ्या गाडीला ऐकू जायचं.

चालताना मी अर्धं पाऊल पुढे असायचे, त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या कोपरावर. पायरी आली की मी कोपर जरासं उचलायचे, उतार आला की खाली घ्यायचे. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. वर्ष-दोन वर्षांत ते आपोआप बसलं आणि मग त्याकडे लक्षही जायचं नाही.

मधली दुष्काळाची वर्षंही आम्ही त्याच गाडीने काढली. धरणात नुसता गाळ दिसत होता. उसाचं क्षेत्र इतकं घटलं होतं की माझ्या नोंदवहीची पानं कोरी राहत, आणि एका हंगामात गाळप सुरू होऊन थोड्याच दिवसांत थांबलं. धारूरला नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. कारखान्याच्या आवारातला एक बोअर मात्र चालू होता आणि कामगारांना तिथून पाणी न्यायची मुभा होती. संध्याकाळच्या गाडीत सगळ्यांच्या पायांत पाच-पाच लिटरचे कॅन असायचे. त्यातच जनावरांच्या छावणीवर जाणारी-येणारी माणसं, पेंढ्या बांधलेली गाठोडी, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया. दोघींच्या बाकावर चौघी बसायच्या. कुणाला तहान लागली तर शेजारणीच्या कॅनला तोंड लावून प्यायची, तीही काही म्हणायची नाही. घाटात गाडी वळली की सगळा जमाव एका बाजूला कलायचा. ताई म्हणायच्या, पडायला जागाच न्हाई, त्यामुळं काळजी न्हाई. खोकला तेव्हाही गाडीत असायचाच. धुळीने निम्मी गाडी खोकत असायची. तो कुणाचा, कुठून आलेला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग कोरोना आला. लॉकडाऊन लागायच्या थोडे दिवस आधीची गोष्ट आहे. घाटाच्या वर एका फाट्यावर एक तरुण माणूस बॅग घेऊन चढला. कंडक्टरने कुठून आलास विचारलं तर तो सरळ म्हणाला, पुण्याहून. तो बसला आणि दोन वळणांनी त्याला ठसका लागला. त्याच्या शेजारचा म्हातारा उठून पुढे गेला. मागच्या बाकावरचे दोघे उठले. बायांनी पदर नाकाला लावले, खिडक्या सरकवल्याचे आवाज झाले. ताईंनी मला विचारलं, "सगळे उठले कावून?" मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि आम्हीही दोन बाक पुढे गेलो. तो माणूस पाण्याची बाटली तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहत होता. घाट संपल्यावर पहिल्याच थांब्याला तो उतरला. त्याचं गाव तेच होतं की त्याला आणखी पुढे जायचं होतं, मला माहीत नाही.

गाड्या बंद झाल्या. आमचा हंगाम अजून संपला नव्हता, त्यामुळे मला पास मिळाला. माझ्या नवऱ्याचं धारूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे; तेही बंदच होतं, म्हणून तो मला मोटारसायकलवर सोडायचा आणि न्यायला यायचा. ताई घरीच होत्या. एक्स्चेंजवर पहाऱ्यावरचा माणूस बसवला होता. याच काळात आमच्या भागातली ऊसतोड करणारी कुटुंबं तिकडे लांब, सांगली-कोल्हापूरकडच्या फडांवर अडकून पडली होती. त्यांची इथली माणसं आमच्या कारखान्यात फोन करायची. सगळे कारखाने आतून एकमेकांशी जोडलेले असणार असं त्यांना वाटत असावं. पहारेकरी, ते आमच्याकडं न्हाईत, असं सांगून फोन ठेवून द्यायचा. हे मी ताईंना मोबाईलवर सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्याच्यावर चिडल्या. म्हणाल्या, नंबर काढून द्यायला काय जातं, तिकडच्या कारखान्याला एक्स्चेंज असतंच की.

दोन महिन्यांनी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी सुरू झाली. एका गाडीत बावीस प्रवासी, एका बाकावर एक. ताईंचा आदल्या दिवशी फोन आला. "उद्या सातची हाय म्हणं. येतीस ना?" मी येते म्हणाले. घरात आधीच बोलणं झालेलं होतं. माझ्या सासूबाईंना दमा आहे आणि नवऱ्याचं म्हणणं, बसने जायचंच असेल तर कुणाला शिवायचं नाही, आल्यावर बाहेरच अंघोळ करायची. त्याचं दुकान उघडलं होतं, आता तो मला सोडू शकत नव्हता.

स्टँडवर नेहमीच्या खांबापाशी ताई उभ्या होत्या. मास्क लावलेला, पर्समध्ये कारखान्याच्या डिस्टिलरीत बनवलेल्या सॅनिटायझरची बाटली. ती त्यांनी घरी कुणाकडून तरी मागवून घेतली होती. मी हाक मारली. त्यांनी हात पुढे केला आणि मी मागे सरकले. हात तसाच राहिला. फोनवर पलीकडून कुणी बोललं नाही की त्या जशा थांबायच्या तशा थांबल्या.

मी म्हटलं, "ताई, हात नका धरू. सासूबाईंना दमा हाय."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग बोलत राहा. आवाजावर येते."

मी पुढे चालत बोलत राहिले. काय बोलावं ते सुचेना म्हणून खड्डा आहे, खांब आहे, आता सरळ, असं बोलत होते. मास्कमधून आवाज दबका येत होता आणि शेजारी दुसऱ्या गाडीचं इंजिन चालू होतं. गाडीच्या पायरीला त्यांची नडगी जोरात लागली. त्यांनी ओठ दाबल्याचं मला मास्कवरून कळलं. आत प्रत्येक बाकाच्या एका जागेवर पांढऱ्या रंगाची फुली मारली होती. त्यांना फुली कशी दिसणार. त्या बाकाच्या पाठी चाचपत निघाल्या, दांडी, बाक, पुन्हा दांडी, आणि एका बाकावर बसलेल्या माणसाच्या खांद्याला त्यांचा हात लागला. तो ताडकन उठला. हातमोजे घातलेला माणूस होता. म्हणाला, बाई, सगळ्याला हात लावत चाललात, तुमच्या हाताला काय लागलंय कुणाला ठाऊक. पलीकडून एक बाई म्हणाली की असल्यांनी थोडे दिवस घरी बसावं, कशाला यायचं.

ताई तिथेच उभ्या राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "कुठं हात लावू तेवढं सांगा. तिथंच लावते."

मी त्यांच्यापासून दोन बाकांवर बसलेले होते. मीही बोलले नाही. कंडक्टर बाई मागून पुढे आली आणि तिने त्यांना जागा सांगितली. कारखान्याच्या फाट्यावर मी आधी उतरले आणि खाली उभी राहून पुन्हा बोलत राहिले.

त्या आठवड्यात मी चार दिवस बसने गेले. पाचव्या दिवशी नवऱ्याने ओळखीच्या माणसाकडून एक वापरलेली स्कूटी आणली. मी दोन रविवार शाळेच्या मैदानावर शिकले आणि घाट उतरायला लागले. मला तेव्हा छत्तिसावं वर्ष होतं, त्याआधी मी कधी सायकलही चालवली नव्हती. खरं सांगायचं तर मला आवडलं. आपल्याला हवं तेव्हा निघायचं, कुणाच्या श्वासाचा विचार करायचा नाही. सातच्या गाडीतले आमचे बाकीचे अप-डाऊनवालेही एकेक करून हेच करत होते. बँकेतल्या दोघांनी मिळून जुनी कार घेतली. एका शिक्षकाने मुलाची मोटारसायकल काढून घेतली. ज्याला जे जमलं ते त्याने केलं आणि सातच्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही.

ताईंना मी सांगितलं की नवऱ्याला कामासाठी रोज माजलगावकडे यावं लागतंय, तोच सोडतो. असं का सांगितलं याचा मी पुढे विचार केला. स्कूटीवर एकटी जाते असं म्हटलं असतं तर मागची जागा रिकामी आहे हे ओघानेच आलं असतं. आणि ती कुणाला द्यायची नाही हे तोंडाने म्हणावं लागलं असतं.

हे खोटं महिनाभरही टिकलं नाही. पावसाळा नुकताच लागला होता. एका सकाळी घाटात सर आली, मी भिजत ऑफिसला पोचले आणि मोबाईल बंद पडला. दहाच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला. ताईंचा आवाज होता, पण तो बाहेरच्या लोकांशी बोलायचा आवाज होता. "शेतकी खातं? आपल्यासाठी धारूरहून फोन आहे. रिवायंडिंगच्या दुकानातून बोलतायत. आपण स्कूटीवर नीट पोचलात का विचारतायत. जोडते."

इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच आपण म्हणाल्या. मग नवऱ्याचा आवाज आला, मी त्याला पोचले म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

एक्स्चेंजची खोली माझ्या टेबलापासून एका व्हरांड्याच्या अंतरावर आहे. तीन दिवस मी तिकडे गेले नाही. एरवी तिथे लांब बसून खायचे तो डबा टेबलावरच खाल्ला. चौथ्या दिवशी धारूरला भाजीच्या गाड्यापाशी सातच्या गाडीची कंडक्टर बाई भेटली. अंगावर गणवेश नव्हता आणि चेहऱ्याला रुमाल होता, त्यामुळे तिने स्वतः ओळख दिली तेव्हा मला कळलं. तिने ताईंचा विषय काढला. मला वाटलं ती मला बोल लावणार, पण ती नुसती माहिती सांगत होती. तिची ड्यूटी असेल त्या दिवशी ती काठीचं एक टोक धरते, दुसरं ताईंच्या हातात, आणि तशी त्यांना जागेवर नेऊन बसवते. ही युक्ती ताईंचीच. काठी धरली तर शिवल्यासारखं होत नाही, आणि उतरल्यावर काठी सॅनिटायझरने पुसायची. पण तिची ड्यूटी नसेल त्या दिवशी पंचाईत होते. दार उघडलं की लोक घुसतात, बावीस भरतात, आणि ताई खालीच राहतात. तसं तीन-चारदा झालं होतं. त्या अकराच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून राहिल्या होत्या.

"येवढ्या गर्दीत काठी धरा म्हणून कुणाला म्हणणार त्या," कंडक्टर बाई म्हणाली. "लोकं काठीलाबी भेत्यात."

दुसऱ्या दिवशी मी एक्स्चेंजच्या दारात गेले. ताईंनी कानावरचा हेडफोन काढला. मी म्हटलं, मी आहे. त्या म्हणाल्या, पाय वाजतात तुझे, ये, खुर्ची लांब ठेवलीय. मी बसले. माफी मागायची असं ठरवून गेले होते आणि मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली.

"भ्यालीस त्याचं मला काही न्हाई," त्या म्हणाल्या. "सगळेच भ्यालेत. मी बसनं जाते म्हणून भाऊ माझं ताट दाराबाहेर ठेवतो. पण मागची जागा रिकामी हाय एवढं मला सांगायचं होतंस. मी बसले नसते."

मध्ये एक फोन आला, तो त्यांनी जोडून दिला. मग मी म्हटलं की उद्यापासून बसा माझ्यामागे. त्यांनी विचारलं, "सासूचा दमा बरा झाला का?" मग त्या हसल्या, आणि ते हसणं कडू नव्हतं असं मला तरी वाटलं. त्यांनी हिशेब आधीच करून ठेवला होता. स्कूटीवर बसायचं म्हणजे पाठीला पाठीमागून चिकटून, तासभर, खांद्याला धरून. ते बसपेक्षा जास्तच. घरी कळलं तर माझी स्कूटीही जाणार. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं की सकाळी मी स्टँडवर यावं, गाडी लागली की काठीचं टोक धरून त्यांना सगळ्यांच्या आधी दारात न्यावं आणि कोणती जागा रिकामी आहे ते सांगावं. पुढे मी माझ्या वाटेने जावं.

तसं आम्ही जवळजवळ सात महिने केलं. मी पावणेसातला स्टँडवर स्कूटी लावायचे. गाडी लागली की काठी धरायचे, त्या मागे. पहिले काही दिवस आम्हाला ते जमेना. काठी ओढली गेली की त्या अडखळायच्या, ढिली पडली की थांबायच्या. मग मी काठी पायरीपाशी उचलायला लागले आणि उताराला खाली. दारात पोचलो की मी आत डोकावून सांगायचे, उजवीकडची दुसरी, खिडकीकडं. त्या आत जाऊन बसल्या की मी काठीचं माझं टोक पुसायचे आणि हेल्मेट घालायचे. हातमोजेवाला माणूस एकदा दाराशी अडून उभा होता. मी त्याला म्हटलं, आधी बाईंना जाऊ द्या. तो बाजूला झाला. एवढंच बोलायचं होतं ते.

गाडी सुटली की मी तिच्या मागे निघायचे. पुढे जाता आलं असतं, पण घाटात मी फारशी सराईत नव्हते आणि बसच्या मागे राहिलं की समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची भीती कमी वाटायची. काचेतून मला त्यांचं डोकं दिसायचं. वळणावर ते कलायचं आणि सरळ व्हायचं. घाट संपला की मी गाडीला मागे टाकून फाट्यावर जायचे आणि त्या उतरायच्या तेव्हा खाली काठी धरायला उभी असायचे. एक बाई बसमध्ये आणि तिची सोबतीण मागून स्कूटीवर, हे सुरुवातीला स्टँडवरच्या चहावाल्याला समजत नव्हतं. त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मधल्या काळात बावीसची अट गेली आणि गाडी पूर्ण भरायला परवानगी मिळाली. पण भरायला माणसंच नव्हती. बावीस असताना जागेसाठी झोंबणारे लोकही हळूहळू दुसरीकडे लागले होते. सात-आठ जण असायचे, त्यात दवाखान्याला निघालेले दोन-तीन.

दुसरी लाट आली तेव्हा आजार आमच्या घरात आला. तो बसमधून आला नाही. माझे दीर स्वतःच्या गाडीने, काचा लावून, कुठेही न थांबता आईला भेटायला आले होते. त्यांना निघताना बारीक ताप होता. आठवडाभरात सासूबाईंना अंबाजोगाईला ऑक्सिजन लावावा लागला, मग मला आणि नवऱ्यालाही झाला, आम्ही घरीच पडून होतो. सासूबाई अकरा दिवसांनी परत आल्या, नुसतं हाडांचं चिपाड होऊन, पण आल्या. त्या काळात ताई रोज दहाला एक्स्चेंजवरून फोन करायच्या. बोलायच्या कमी, ऐकायच्या जास्त. मी किती वेळा श्वास घेते ते मोजत असाव्यात. स्टँडवर त्यांची काठी कोण धरतं असं मी विचारलं तर म्हणाल्या, आता गर्दीच न्हाई, कुणाला धरायची गरजच न्हाई. बस रिकामी असते, पाहिजे तिथं बसते.

मी बरी होऊन कामावर गेले आणि थोड्याच दिवसांत सातची फेरी बंद झाली. डेपोत विचारलं तर त्यांनी वही दाखवली. रोजचे प्रवासी इतके कमी होते की त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं. त्यानंतरची गाडी अकराची. ताई काही दिवस खाजगी जीपने आल्या. जीपवाला भरल्याशिवाय हलायचा नाही आणि भरला की इतका भरायचा की त्यांना दारातल्या पट्टीवर टेकायला लागायचं.

मग त्यांनी अर्ज करायचं ठरवलं. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. आम्ही दोघींनी मिळून जुन्या अप-डाऊनवाल्यांना फोन केले. सगळ्यांचे नंबर त्यांना पाठ होते. फेरी सुरू व्हावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. चौदा सह्या झाल्या. सह्या घ्यायला मी स्कूटीवर गावात फिरले. डेपोतल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, यातले रोज किती जण बसणार? ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. तेव्हा हात धरायला काही हरकत राहिली नव्हती आणि त्यांचा हात माझ्या कोपरावर होता. मी म्हटलं, मी बसणार. ताई म्हणाल्या, मी बसणार. साहेब म्हणाले, बघू, महिनाभर चालवून बघू.

गाडी सुरू झाली. मी अठरा दिवस तिने गेले. पहिले दिवस बरे वाटले. जुनी जागा, दोघी एका बाकावर, डबे मांडीवर. पण त्या वर्षभरात मला उशिरा उठायची सवय लागली होती. सासूबाईंची औषधं, परतताना बाजार, मुलीची शिकवणी, हे सगळं स्कूटीच्या भरवशावर मांडलं गेलं होतं. एक दिवस मुलीला ताप होता म्हणून स्कूटीने गेले. मग शनिवारी. मग एक आड एक दिवस. ताईंना मी या वेळी दर वेळी खरं सांगितलं. त्या बरं म्हणायच्या. महिना संपला तेव्हा गाडीत ताई आणि आणखी चौघे होते. फेरी पुन्हा बंद झाली. मी डेपोत परत गेले नाही.

ताईंनी कारखान्याजवळच्या गावात एक खोली घेतली. मालकीण विधवा बाई आहे, तिला सोबत हवी होती. खोलीपासून गेटपर्यंत कारखान्याच्या कुंपणाची भिंत आहे. हंगामात तिथून उसाच्या बैलगाड्या जातात तेवढं सांभाळावं लागतं. सामान हलवायच्या दिवशी भाऊ टेम्पो घेऊन आला होता. मीही गेले होते, भांडी लावायला. ताईंनी प्रत्येक डबा कुठे ठेवला ते हाताने तपासलं, आणि मी चहा-साखरेचे डबे उलटे लावले म्हणून मला बोलल्या. मी ते पुन्हा लावले.

दुपारचं जेवण आम्ही अजून एकत्र करतो, एक्स्चेंजच्या खोलीत. आता सगळ्यांकडे मोबाईल असल्याने फोन कमी येतात आणि निवांत जेवता येतं. एकदा मी विचारलं की घर सोडावं लागलं याचा राग येतो का. भाकरी मोडत त्या म्हणाल्या, राग येतो, पण कुणाचा ते ठरत न्हाई. मग त्यांनी मला आदल्या दिवशीच्या मालिकेत काय झालं ते सांगायला सुरुवात केली.